आमची करपलेली भाकरी आणि ताईचं राहिलेलं शिक्षण



परदेशी शिक्षणाबद्दल आपल्या चळवळीत आता बऱ्यापैकी बोललं जातं. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, विद्यापीठ कसं निवडायचं, इंग्रजीच्या परीक्षेची तयारी कशी करायची, यावर शिबिरं होतात. ती व्हायलाच हवीत. पण तिथं पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी जो प्रश्न समोर येतो, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. आज खायचं काय, आणि ते शिजवायचं कुणी?

आम्ही दोघं. एक बारामती तालुक्यातला, नीरा डाव्या कालव्याच्या कडेच्या गावातला. दुसरा इंदापूर तालुक्यातला, उजनी धरणाच्या फुगवट्याजवळचा. पुण्यात एकाच वसतिगृहात राहिलो, एकाच वर्षी शिष्यवृत्ती मिळाली आणि लंडनच्या पूर्वेला ईस्ट हॅम भागात एका घरातली एक खोली दोघांनी मिळून घेतली. दोघांच्या घरी शेतमजुरी. दोघांच्या नावापुढं दोन-दोन पदव्या. संविधानाची कलमं तोंडपाठ, जयंतीच्या स्टेजवर अर्धा तास न थांबता बोलायची सवय. वय पंचविशीच्या पुढं. आणि दोघांपैकी एकालाही साधा भात लावता येत नव्हता.

सुरुवातीला ही गोष्ट आम्ही मित्रांना हसत हसत सांगायचो. आता हसत नाही. का हसत नाही, ते सांगायला हा लेख.

आधी पैशाचं गणित. आम्ही गेलो तेव्हा राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठी वर्षाला ९,९०० पौंड निर्वाह भत्ता होता. म्हणजे महिन्याला ८२५ पौंड. लंडनमध्ये खोलीचं भाडं आणि प्रवास यातच त्यातला मोठा भाग जातो. बाहेर रोज जेवायचं म्हटलं तर महिन्याचे पैसे पंधरा दिवसांत संपतात. पहिले दहा-बारा दिवस आम्ही ब्रेड, केळी आणि घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी यावर काढले. चटणी संपली तेव्हा स्वयंपाकघरात जाण्यावाचून इलाज राहिला नाही.

पहिला भात खाली करपला, मध्ये शिजला आणि वर कच्चा राहिला. पिठलं करायला घेतलं तर उकळत्या पाण्यात बेसन एकदम ओतलं, लाडवाएवढ्या गुठळ्या झाल्या. आईला फोन केला. ती म्हणाली, "आरं, पीठ वैरताना दुसरा हात ढवळत ऱ्हायला पाहिजे. न्हाईतर आधी गार पाण्यात कालवून घे." ठेचा करायला मिरच्या तव्यावर टाकल्या, तर त्या धुरानं घरातला भोंगा कोकलायला लागला. घरातली सगळी पोरं ठसकत बाहेर रस्त्यावर, बाहेर चार डिग्री थंडी, आणि आम्ही टॉवेलनं भोंग्याला वारा घालतोय. त्यानंतर मिरच्या तेलात मंद आचेवर, झाकण ठेवून परतायच्या हे आम्ही शिकलो.

सगळ्यात जास्त रडवलं ते भाकरीनं. ज्वारीचं पीठ गुजराती दुकानात मिळालं. मळलं, थापायला घेतलं, की कडा फाटायच्या. उचलायला गेलं की दोन तुकडे. तव्यावर टाकली की कडक पापड. दोन महिने हे चाललं. आम्हाला वाटलं आपले हातच वाईट. शेवटी इंदापूरच्या आईनं व्हिडिओवर पीठ बघितलं आणि एका वाक्यात रोग सांगितला. पीठ जुनं आहे, त्याची विरी गेलीय. पाकिटावरची तारीख बघितली, तर दळून पाच महिने झाले होते. मग तिनं उपाय सांगितला. पाणी उकळायचं, त्यात मीठ टाकून पीठ घालायचं, झाकून ठेवायचं, आणि ती उकड सोसेल एवढी गरम असतानाच तळहाताच्या टाचेनं रगडून मळायची. "किती वेळ मळायचं?" आम्ही विचारलं. "हाताला चिकटायचं थांबंस्तवर." शेगडी विजेची, त्यामुळं भाकरी विस्तवावर फुगवता येत नव्हती. त्यावरही तिनंच तोड काढली. उलटल्यावर फडक्यानं कडा दाबत भाकरी फिरवायची. ज्या दिवशी पहिली भाकरी टम्म फुगली, त्या दिवशी आम्ही तिचा फोटो गावाकडच्या ग्रुपवर टाकला, पदवी मिळाल्यासारखा.

ज्या बाईनं कधी लंडन बघितलं नाही, विजेची शेगडी बघितली नाही, तिनं सात हजारांहून जास्त किलोमीटरवरून नुसतं बघून पिठाचं वय ओळखलं. आमच्या विद्यापीठात याला निरीक्षण, निदान आणि प्रयोग म्हणतात. घरात आपण त्याला "आईच्या हाताची चव" म्हणतो. चव म्हटलं की कौतुक करून विषय संपतो. ज्ञान म्हटलं असतं, तर त्याचं मोल द्यावं लागलं असतं.

हळूहळू आम्ही एक वही केली. काय चुकलं, का चुकलं, पुढच्या वेळी काय करायचं. हुलगे गुजराती दुकानात मिळेनात, ते श्रीलंकेच्या तमिळ माणसाच्या दुकानात 'कोल्लू' नावानं मिळाले, मग शेंगोळी केली. भिगवणकडची चिलापी खाऊन वाढलेल्या इंदापूरकराला सुपरमार्केटच्या बर्फाच्या कपाटात 'तिलापिया' दिसला, आणि मासा तोच निघाला. सहा महिन्यांत दोघांचं पोट व्यवस्थित भरायला लागलं, पैसेही उरायला लागले. गोष्ट इथं संपली असती तर ती नुसती धडपडीची गंमत झाली असती. पण तिथं आणखी दोन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट. त्या घरात सहा भारतीय पोरं होतो, स्वयंपाकघर एक. त्यातला एक पुण्याकडचाच. आमचं पिठलं-भाकरी त्यानं दोन वेळा मागून खाल्लं, घरची आठवण आली म्हणाला. तिसऱ्या वेळी खोलीत आला तेव्हा भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो बघितला. आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या बाजूला तेही विचारलं. पुढच्या आठवड्यात फ्रिजमध्ये त्याचा कप्पा वेगळा झाला आणि "माझा तवा वापरू नका" असा निरोप आला. कारण काय सांगितलं, तर तुम्ही मांसाहार करता. तो स्वतः शनिवारी-रविवारी चिकन खायचा. घरातली आणखी तीन पोरंही खायची, त्यांना तवा चालत होता. फक्त आमचा हात चालत नव्हता.

यात नवीन काही नाही हे आम्हाला माहीत होतं. आपल्याच पुण्यात २०१७ साली एका सुशिक्षित, मोठ्या सरकारी पदावरच्या बाईंनी, आपल्याकडं सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईनं जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार दिली होती. अन्न तेच, चव तीच, ते खाऊनही झालेलं. विटाळ झाला तो नाव कळल्यावर. ब्रिटनमध्येही जातीवरून होणाऱ्या भेदभावाचा समता कायद्यात थेट उल्लेख करावा म्हणून आपल्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या. २०१८ साली तिथल्या सरकारनं तसा बदल करणार नाही असं जाहीर केलं. जात विमानात बसून जाते आणि उतरल्यावर पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरते, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं.

दुसरी गोष्ट त्याच रात्रीची. आम्ही संतापलो होतो. आमच्यातल्या इंदापूरकरानं घरी फोन लावला. फोन ताईनं उचलला, ती माहेरी आली होती. मोबाइल डब्याला टेकवून ती भाकरी थापत थापत बोलत होती. आम्ही सगळं सांगितलं. अपमान, तवा, फ्रिजचा कप्पा. ती ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली, "तुमाला सैपाकघरात येऊ देत न्हाईत म्हणून चिडलाय. मला तिथनं भाईर जाऊ दिलं नव्हतं, तवा कोण चिडलं होतं का?"

आमच्याकडं उत्तर नव्हतं.

ताई आमच्या या मित्रापेक्षा दोन वर्षांनी मोठी. बारावीला तिला त्याच्यापेक्षा जास्त मार्क होते. नर्सिंगला जायचं म्हणत होती, फॉर्मही आणला होता. त्याच वर्षी आई डाळिंबाच्या बागेत रोजंदारीला जायला लागली, वडील कारखान्याच्या हंगामी कामावर, आजी अंथरुणावर, आणि भावाचं अकरावी-बारावी सायन्स. सहा माणसांचं दोन वेळचं कुणी करायचं? घरात बैठक झाली नाही, वाद झाला नाही. कुणी तिला "शिकू नको" म्हणालंसुद्धा नाही. फॉर्म भरायची तारीख निघून गेली, एवढंच. पुढं दोन वर्षांनी तिचं लग्न झालं.

त्या रात्री आम्ही त्याच वहीत एक हिशेब मांडला. सहा माणसं, माणशी दोन भाकरी, दोन वेळा. दिवसाला २४. वर्षाला ८,७६०. आम्हाला सुरुवातीला चार भाकरी करायला पाऊण तास लागत होता. ताईनं बारावीनंतर लग्नापर्यंतच्या दोन वर्षांत साडेसतरा हजार भाकरी थापल्या. भाजी, पाणी, भांडी, आजीचं वेगळंच. आमच्या मित्राचा अभ्यास त्या भाकरींवर झाला. त्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात वडिलांचं उत्पन्न लिहिलं होतं, जातीचा दाखला जोडला होता, प्राध्यापकांची शिफारस होती. ताईचं नाव कुठंच नव्हतं.

बारामतीकरानं त्याच्याकडं बोट दाखवायचं कारण नाही. त्याच्या घरी बहीण नव्हती, म्हणून सगळं आईवर होतं. पहाटे चारला उठून स्वयंपाक, सातला खुरपायला, संध्याकाळी परत चूल. सुट्टीत घरी आलेला हा पदवीधर मुलगा खाटेवर बसून शोषणावरची पुस्तकं वाचायचा आणि "आई, चहा" म्हणायचा.

आपल्या भागात दर हिवाळ्यात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, कुठल्याही कारखान्याच्या वाटेवर त्यांच्या कोप्या दिसतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. त्या जोडीतली बाई सगळ्यांच्या आधी उठते, अंधारात भाकरी थापते, मग फडात नवऱ्याच्या बरोबरीनं मोळ्या बांधते, वाहते. पैसे उसाच्या टनावर मिळतात. भाकरीचा टन कुणी मोजत नाही. या व्यवस्थेवर आम्ही दोघांनीही भाषणं केली आहेत. पण आपल्या घरातही एक कोयता आहे आणि त्यातल्या एकाचंच काम मोजलं जातं, हे आम्हाला लंडनला जाऊन स्वतः थापल्याशिवाय दिसलं नाही.

आकडे हवेत त्यांच्यासाठी, भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे आहेत. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाचे ९७. आणि मुळात असं काम करणारे पुरुष शंभरात २६, बाया ८१. रोजची पाच तासांची ही रजा आपण आपल्या बहिणींना दिली असती, तर किती ताया नर्स झाल्या असत्या?

एका रविवारी आम्ही चॉक फार्मला गेलो. १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथं राहिले, महाराष्ट्र शासनानं २०१५ साली ते घर विकत घेतलं. त्या दिवसांतल्या त्यांच्या जेवणाचं वर्णन चरित्रकारांनी केलं आहे. सकाळी घरमालकिणीचा पावाचा तुकडा, दिवसभर ग्रंथालय, रात्री भुकेला भाजलेले पापड. आपण हे नेहमी सांगतो, सांगताना ऊर भरून येतो. पण त्याच वर्षांत मुंबईत परळच्या चाळीत रमाई काय खात होत्या, घरातल्यांना काय घालत होत्या, हे आपण किती वेळा विचारतो? लंडनमधला पापड आपल्या भाषणांत येतो, परळची चूल क्वचितच येते.

बाबासाहेबांनी मात्र ती मोजली होती. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला आणि आपल्यासोबत त्यांनी काय सोसलं याची नोंद त्या अर्पणपत्रिकेत केली. १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत, समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, या अर्थाचं ते बोलले. १९५१ साली हिंदू कोड बिल अडवलं गेलं तेव्हा मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागं इतर कारणांसोबत हेही मोठं कारण होतं. ज्यांचा नेता बायांच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडतो, त्यांच्या पोरांना चहाचा कप उचलून मोरीत ठेवता येऊ नये?

आमचे काही कार्यकर्ते मित्र म्हणतील, आधी जातीचं बघू, स्वयंपाकाचं नंतर. त्यांना आमचं म्हणणं एवढंच की ही दोन भांडणं वेगळी नाहीत. कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, हे जात ठरवते. ते हात कुणाचे असायचे आणि दिवसभर कशात अडकलेले असायचे, हेही तीच व्यवस्था ठरवते. आम्हाला तव्यापासून लांब ठेवणारा नियम आणि ताईला तव्याला बांधणारा नियम एकाच घरातून आले आहेत. त्यातला आम्हाला टोचणारा तेवढा मोडायचा आणि सोयीचा तेवढा ठेवायचा, याला समता म्हणत नाहीत.

दुसरे म्हणतील, नोकरी लागली की स्वयंपाकाला बाई ठेवू. ठेवा. पण पुण्यात, बारामतीत घरोघर पोळ्या लाटायला जाणाऱ्या बाया कुठल्या वस्तीतल्या आहेत ते एकदा बघा. एका ताईचं ओझं दुसऱ्या ताईवर जाईल. ठेवलीत तर नीट पगार द्या, सुट्टी द्या, आणि तिच्या सुट्टीच्या दिवशी स्वतः भाकरी थापा.

आम्ही परत आलो. इंदापूरकरानं पहिल्या दिवशी घरात भाकरी केल्या. शेजारपाजारचे बघायला जमले, पोरगं लंडनला जाऊन भाकरी शिकून आलं म्हणून कौतुक. ताई तेव्हाही आली होती. ती म्हणाली, "ह्यानं वरीसभर केलं तर गाव बघायला आलं. मी इतकी वर्सं करती, माझ्याकडं कुणी बघितलं न्हाई." खरं होतं. आम्हाला टाळ्या नको होत्या, पण पुरुषाच्या हातात लाटणं आलं की टाळ्या आपोआप वाजतात, हाही त्याच व्यवस्थेचा भाग आहे.

मग ठरवलं, कौतुकाचा विषय न करता कामाचा विषय करायचा. बुद्धपौर्णिमेला गावच्या विहारात खीरदान असतं. दरवर्षी बाया सकाळपासून चुलाण्यावर आणि आम्ही माइकवर. त्या वर्षी खीर पुरुषांनी करायची असं सुचवलं. निम्मे हसले, काही उठून गेले, सात जण राहिले. मोठ्या पातेल्याचा अंदाज आम्हाला नव्हता, खीर खाली लागली. सगळीकडं करपल्याचा वास. पण बाया पहिल्यांदा पुढं सतरंजीवर बसून पूर्ण भाषण ऐकत होत्या. करपलेली खीर त्यांनी खाल्ली, आणि एका आज्जीनं सांगितलं, "पुढच्या साली दूध टाकल्यावर हलवत ऱ्हावा." पुढच्या वर्षी खीर लागली नाही.

ताईचं काय? गेलेली वर्षं परत आणता येत नाहीत. आम्ही दोघांनी मिळून तिच्या मुक्त विद्यापीठाच्या पदवीची फी भरली. तिच्या घरी तिच्या नवऱ्याशीही बोललो, आता आठवड्यातून तीन संध्याकाळी चूल त्याच्याकडं असते. त्या तीन संध्याकाळी ताई अभ्यास करते. नर्स ती आता होणार नाही, हे तिलाही माहीत आहे आणि आम्हालाही. आमच्या पदवीवर ते कर्ज राहीलच.

म्हणून परदेशी जाऊ पाहणाऱ्या आपल्या पोरांना आमचं सांगणं. जायच्या आधी भात, वरण, पिठलं, भाकरी आणि एक रस्सा एवढं शिकून घ्या. छोटा कुकर आणि घरचा येसर सोबत घ्या, दळलेल्या पिठाची तारीख बघून घ्या. पण हे फक्त जाण्यासाठी शिकू नका. गावात राहणार असाल तरी आजपासून शिका. घरात दहावी-बारावीला बहीण असेल तर या महिन्यापासून एक वेळचा स्वयंपाक आपल्याकडं घ्या. शिष्यवृत्तीच्या शिबिरात मुली किती आल्या ते मोजा. कमी आल्या असतील तर त्या वेळी त्या कुठं होत्या, ते आपापल्या घरी जाऊन बघा.

आमचा तवा वेगळा करणाऱ्याशी आम्ही भांडलोच, पुढंही भांडू. पण आता त्या भांडणाला उभं राहताना आमच्या घरातली चूल आम्हाला लपवावी लागणार नाही.

जय भीम. जय रमाई. जय सावित्री.